समाजमाध्यम बदलताना आधी दप्तर बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशातल्या कितीतरी गोष्टी आज फेसबुकच्या गटांत आणि एक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या, खात्यांत जाऊन बसल्या आहेत. रावेर-यावलकडे केळीच्या पानावर करपा दिसला की फोटो आधी गटात पडतो, कृषी खात्याच्या माणसाकडे नंतर जातो. कानबाईची गाणी, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, लेवा गणबोलीतले शब्द, सातपुड्यातल्या पावरी बोलीतल्या गोष्टी लोकांनी हौसेने टंकून ठेवल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची दुसरी प्रत कुठेच नाही. आपल्याच गटातली पोस्ट आपल्याच सभासदांना न दिसणे, मधेमधे घुसणाऱ्या जाहिराती, कारण न सांगता बंद होणारी खाती, याला कंटाळून आता बरेच गट मास्टोडॉन, ब्लूस्काय, लेमी अशा विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या ताब्यात राहू नयेत अशा बेताने बांधलेल्या, ठिकाणी जाण्याचे बोलू लागले आहेत. जावे, असेच आमचे मत आहे. पण ज्या घाईने हे चालले आहे, त्यात गावाने जमवलेले मागे राहून जाईल ही भीती आहे, म्हणून हे पत्र.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: एकेकट्याने जाऊ नका, गट म्हणून जा. जाण्याआधी जुने सगळे उतरवून घ्या. आणि नव्या ठिकाणी असा पत्ता घ्या, की उद्या तिथूनही उठायची वेळ आली तर उठता येईल.

ही वेळ येतेच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि विनोदी व्हिडिओ करणाऱ्या खान्देशी पोरांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. कू तर भारतीय होते, मराठीतही चालत होते. जुलै २०२४ मध्ये तेही थांबले. मालक एकच कंपनी असली की ती देशी आहे की परदेशी याने फार फरक पडत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातले पुष्कळ लोक रागारागाने मास्टोडॉनवर गेले आणि त्यातले बहुतेक लवकरच परत आले. मास्टोडॉन वाईट होते म्हणून नव्हे. मास्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांना जोडलेले अनेक सर्व्हर. प्रत्येक जण एकटा गेला, मिळेल त्या सर्व्हरवर उतरला, समोर कोरे पान दिसले आणि ओळखीचे कोणी सापडेना. तिथे 'तुम्हाला हे आवडेल' म्हणून कोणी काही पुढे ढकलत नाही. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचेच दिसते, तेही वेळेच्या क्रमाने. दहा ओळखीची माणसे नसतील तर पान कोरेच राहणार.

विकेंद्रित म्हणजे काय, हे मोबाइलवरून लगेच कळते. तुमचे सिमकार्ड एका कंपनीचे, समोरच्याचे दुसऱ्या कंपनीचे, तरी फोन लागतो. कारण दोन्ही कंपन्या एकच ठरलेली पद्धत पाळतात. मास्टोडॉन, फोटोंचे पिक्सेलफेड, व्हिडिओंचे पीअरट्यूब, फेसबुकसारखे फ्रेंडिका, विषयवार चर्चांचे लेमी यांच्यात तशी पद्धत आहे. तिचे नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने ती जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. म्हणून पत्त्याचे दोन भाग असतात, नाव आणि सर्व्हर, आणि दोन्हींच्या आधी 'ॲट'चे चिन्ह. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याला सहज फॉलो करतो. फरक एवढाच, की मोबाइल नंबर पोर्ट केला तर नंबर तोच राहतो. मास्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर बरोबर येतात, पत्ता मात्र बदलतो, आणि जुन्या पोस्ट जुन्या जागीच राहतात. हे आधीच नीट समजून घ्यावे. नंतर 'माझे लिखाण कुठे गेले' म्हणून शोधाशोध होते ती यामुळेच.

आता दप्तर बांधण्याकडे. या पत्रातला हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि सर्वांत महत्त्वाचाही.

फेसबुकवर आपली माहिती उतरवून घेण्याची सोय सेटिंगच्या अकाउंट्स सेंटरमध्ये आहे. तिथे तीन गोष्टी नीट निवडाव्या लागतात. पहिली, कालावधी: तिथे आधीपासून कमी कालावधी भरलेला असू शकतो, तो बदलून 'सर्व काळ' करा. दुसरी, फोटोंचा दर्जा: 'उच्च' निवडा, नाहीतर पानावरचे करप्याचे ठिपके ओळखू येणार नाहीत असा धूसर फोटो हाती येतो. तिसरी, फाईलचा प्रकार: एचटीएमएल (ब्राउझरमध्ये वाचता येणारे पान) की जेसन (प्रोग्रामने वाचायची फाईल). मराठी लिहिणाऱ्याने एचटीएमएलच घ्यावे. फेसबुकच्या जेसन फाईलमध्ये देवनागरी मोडून येते. आपला एक 'क' संगणकात तीन बाइटचा असतो. ही फाईल त्या तिन्ही बाइटना तीन सुटी युरोपीय अक्षरे समजून लिहिते. मग 'केळी' या शब्दाच्या जागी बारा निरर्थक चिन्हे दिसतात आणि माणूस फाईल खराब आली म्हणून टाकून देतो. ती खराब नसते. लॅटिन-१ आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या दोन पद्धती; मजकूर आधी लॅटिन-१ म्हणून बाइटमध्ये उलटवून मग यूटीएफ-८ म्हणून वाचला की जशाच्या तसा परत येतो. प्रोग्रामिंग शिकलेल्या कोणत्याही पोराला दहा ओळींत जमेल. कोणी आधीच जेसन उतरवून ठेवले असेल तर कृपया पुसू नका.

तयार झालेली फाईल काही दिवसच उतरवता येते. सूचना आली की त्याच दिवशी घ्या, आणि मोबाइलवर नको, संगणकावर घ्या.

या फाईलमध्ये काय येत नाही, हे गटांच्या ॲडमिननी लक्षात घ्यावे. तुमच्या स्वतःच्या पोस्ट आणि तुमच्या स्वतःच्या कमेंट येतात. गटात इतरांनी लिहिलेले येत नाही. आपण ॲडमिन आहोत म्हणजे अख्खा गट उतरवता येईल हा गैरसमज सगळीकडे आहे. गटातला मजकूर दुसऱ्या प्रोग्रामने वाचण्याची जी वाट होती, ती फेसबुकची मालक कंपनी मेटाने २०२४ मध्ये बंद केली. उरतो एकच मार्ग, हाताने करण्याचा. ज्यांनी जास्त लिहिले आहे असे वीस-पंचवीस सभासद काढा, प्रत्येकाला आपापली माहिती उतरवायला सांगा, आणि त्यातले निवडक लिखाण एका सामाईक फोल्डरमध्ये टाका. प्रत्येक नोंदीबरोबर चार गोष्टी हव्यातच: लिहिणाऱ्याचे नाव, तारीख, गाव आणि 'दुसरीकडे प्रसिद्ध करायला हरकत नाही' ही त्याची लेखी संमती. अहिराणी गाण्याला तर गाव हवेच हवे, कारण साक्रीकडचे शब्द आणि पारोळ्याकडचे शब्द एक नाहीत. ज्या कमेंटमध्ये खरी माहिती आहे, उदाहरणार्थ 'हा करपा नाही, पालाशची कमतरता आहे' असे कोणा जाणत्याने खाली लिहिले आहे, ती मूळ फोटोला जोडून ठेवा. नुसता फोटो उरला तर चुकीचे निदान उरेल.

इतिहासाचार्य राजवाडे घराघरांतल्या फडताळांतून कागद गोळा करत फिरले. १९२६ मध्ये ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ते कागद वाचले, कारण ते कोणाच्या तरी घरात होते. आजचे कागद आपल्या घरात नाहीत, एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ.

एक्सवर 'तुमच्या डेटाचे अर्काइव्ह' मागवता येते. मागितल्यावर फाईल तयार व्हायला २४ तास किंवा जास्त लागतात. झिप उघडली की आत ब्राउझरमध्ये वाचता येणारे पान असते, ते बरे असते. पण फॉलोअरची यादी उघडली की निराशा होते: नावे नसतात, फक्त लांबलचक आकडे असतात. म्हणून ज्या दोनशे-तीनशे लोकांशी खरोखर संबंध आहे त्यांची नावे खाते चालू असतानाच वेगळी लिहून घ्या. मास्टोडॉनवरचे ओळखीचे लोक आपोआप शोधून देणारी साधने पूर्वी होती. २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या प्रोग्रामांना पैसे लावले आणि ती बंद पडली. शिवाय एक्सवर टाकलेली प्रत्येक लिंक आखूड करून साठवलेली असते. मूळ पत्ता अर्काइव्हमधल्या डेटा फाईलमध्ये असतो, म्हणून नुसते स्क्रीनशॉट काढून काम भागत नाही.

जुने खाते लगेच पुसू नका. एक्सवर खाते निष्क्रिय केले की ३० दिवसांनी ते जाते, आणि मग ते नाव दुसऱ्या कोणी घेऊन तुमच्या नावाने लिहिण्याची वाट मोकळी होऊ शकते. खाते ठेवा, नवा पत्ता वर टाचून ठेवा, पासवर्ड बदला, दुपदरी लॉगिन (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारे) लावा आणि लिहिणे थांबवा. फेसबुकच्या बाबतीत आणखी एक तपासा: 'फेसबुकने लॉगिन करा' हे बटण दाबून कुठेकुठे खाती उघडली आहेत. फेसबुक खाते पुसले की त्या दारांच्याही किल्ल्या जातात.

आता सर्व्हर निवडणे. मोठा की लहान, यापेक्षा तो चालवतो कोण आणि बंद करायची वेळ आली तर काय करणार, हे बघा. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हरमध्ये शिरू शकेल असा आणखी किमान एक माणूस, द्वेषपूर्ण मजकुरावर प्रत्यक्ष कारवाई, आणि बंद करायचे झाल्यास किमान तीन महिन्यांची आगाऊ सूचना. यादीबाहेरचा सर्व्हर घेतलात तर हेच चार प्रश्न ॲडमिनला विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नका. मोठे नाव म्हणजे कायमची जागा, असे नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या संस्थेनेही आपला मास्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. डोमेनच्या, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, शेवटच्या दोन अक्षरांकडेही बघा. ती एखाद्या देशाची असतील तर लगाम त्या देशाच्या हातात असतो. अफगाणिस्तानची अक्षरे असलेल्या एका सर्व्हरचे डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने काढून घेतले.

खाते उघडताना वापरकर्त्याच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते. वर दिसणारे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते, ठेवावेच. मग सेटिंगमध्ये जाऊन पोस्टची भाषा 'मराठी' करा. हे नव्वद टक्के लोक विसरतात असे म्हटले तरी चालेल. भाषा इंग्रजी राहिली तर ज्यांनी फक्त मराठी पोस्ट दिसाव्यात अशी चाळणी लावली आहे त्यांना सार्वजनिक पानावर तुमचे अक्षरही दिसत नाही. अहिराणीत लिहिणाऱ्यांनी भाषा मराठी ठेवून अहिराणीचा हॅशटॅग लावावा.

हॅशटॅगवर तिथे सगळा कारभार चालतो. हॅशटॅगलाच फॉलो करता येते, त्यामुळे माणूस ओळखीचा नसला तरी विषय समोर येतो. पण अक्षर न् अक्षर जुळावे लागते. 'खान्देश' आणि 'खानदेश' ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावे आहेत. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला नाही. म्हणून गटाने बसून आठ-दहा साधे टॅग ठरवावेत: केळी, कापूस, अहिराणी, आखाजी, कानबाई, खान्देश. जोडाक्षरे शक्य तितकी टाळावीत. शोधयंत्रावर भिस्त ठेवू नये, कारण मास्टोडॉनवर लिहिणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच त्याचा मजकूर अनोळखी माणसाला शब्दांवरून शोधता येतो. ही परवानगी खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. गटाच्या खात्याला ती द्यावी.

मराठीला इथे एक मोठा फायदा आहे. एक्सवर २८० ची मर्यादा मोजताना मात्रा, वेलांटी वेगळी धरली जाते. 'केळी' म्हणजे चार: क, मात्रा, ळ, वेलांटी. मास्टोडॉनवर 'केळी' म्हणजे दोन, आणि मर्यादा ५००. फवारणीचे प्रमाण, कापणीचे दिवस, भाव असे सगळे एका पोस्टमध्ये मावते. 'पुढे वाचा' करत माळ लावावी लागत नाही.

गट हलवण्याचा क्रम असा ठेवावा. आधी पंधरा-वीस बोलकी माणसे एकाच सर्व्हरवर न्या. त्यांनी पहिला आठवडा फक्त एकमेकांना फॉलो करणे, टॅग फॉलो करणे आणि निवडलेल्या जुन्या नोंदींतल्या रोज चार-पाच नव्याने टाकणे एवढेच करावे. दुसऱ्या आठवड्यापासून इतरांना बोलवा. आलेल्या माणसाला पानावर काहीतरी दिसले पाहिजे. पुढे तीन महिने दोन्हीकडे चालू ठेवा, पण नवी माहिती आधी नव्या जागी आणि तिचा दुवा जुन्या जागी, असे. उलटे केले तर कोणी हलत नाही. हंगाम बघून सुरुवात करा. केळीच्या गटाने कापणी-भावाच्या धामधुमीत हलू नये, तेव्हा लोकांना नवे शिकायला उसंत नसते.

मास्टोडॉनवर फेसबुकसारखे गट नाहीत. चर्चा विषयवार लागायची असेल तर लेमीवर समुदाय काढावा; मास्टोडॉनवरूनही त्यात लिहिता येते. मात्र लेमीचा समुदाय सर्व्हरला बांधलेला असतो, तो उचलून दुसरीकडे नेण्याची सोय तिथे नाही. तेव्हा सर्व्हरची निवड तिथे दुप्पट काळजीने करा.

उद्या सर्व्हर बदलायचा झाला तर क्रम चुकवू नका. आधी नव्या खात्यात जाऊन 'मी अमुक जुन्या खात्यातून येत आहे' अशी नोंद करायची, मग जुन्या खात्यात जाऊन 'अमुक नव्या खात्यावर जात आहे' म्हणून पासवर्ड द्यायचा. उलट क्रमाने केले तर नकार मिळतो. एकदा हलल्यावर ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. फॉलोअर आपोआप येतात, पण आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, बुकमार्क हे सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाईलने न्यावे लागते. नव्या खात्यात ती फाईल भरताना 'मिसळा' निवडा; 'वर लिहा' निवडले तर तिथे आधीचे जे असेल ते पुसले जाते. आणि हे सगळे जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच होते. तो आज रात्री गेला तर फॉलोअर गेले. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला या याद्या उतरवण्याची सवय लावा, पाच मिनिटांचे काम आहे.

'आपला खान्देशाचाच सर्व्हर का नको?' असा प्रश्न येतोच. हवा. पण कशात हात घालतो आहोत ते कळू द्या. शे-दीडशे लोकांच्या मास्टोडॉनला भाड्याच्या सर्व्हरवर ४ जीबी मेमरी आणि दोन प्रोसेसर असावेत. त्याचे भाडे महिन्याला साधारण पाचशे ते दोन हजारांच्या दरम्यान पडते. पाच-दहा जणांचाच असेल तर गो-टू-सोशल नावाचा हलका पर्याय १ जीबीतही चालतो, फक्त लिहायला वेगळे ॲप लागते. घरातल्या संगणकावर चालवण्याचा मोह टाळा. वीज जाते, बहुतेक घरगुती इंटरनेटला बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता नसतो, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर गेला की पंख्यावरचा संगणक दम टाकतो.

सर्वांत महागडी चूक पहिल्याच दिवशी होते. मास्टोडॉन बसवताना 'लोकल डोमेन' म्हणून जे नाव द्याल ते नंतर बदलता येत नाही. सगळ्यांचे पत्ते त्यावर बेतलेले असतात. चाचणीसाठी म्हणून दिलेले फुकटचे नाव तसेच राहिले की पुढे सगळे पाडून पुन्हा बांधावे लागते. डोमेन आधी विकत घ्या, ते एका माणसाच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर घ्या, शक्य तितक्या जास्त वर्षांसाठी घ्या, आणि नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येणार तो ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन संपले की ईमेलही संपतो आणि सूचना कोणालाच मिळत नाही.

दुसरी अडचण ईमेलची. नव्या सभासदाला खात्रीचे पत्र गेले नाही तर तो आत येऊ शकत नाही, आणि बऱ्याच भाड्याच्या सर्व्हरवर २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे ईमेल बाहेर पाठवण्याचे दार, बंद असते. ५८७ वरून चालणारी ईमेल सेवा घ्या आणि पत्र खरेच आपल्या डोमेनवरून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही खुणा डोमेनच्या नोंदीत भरा. नाहीतर पत्रे स्पॅममध्ये पडून राहतात आणि लोक म्हणतात 'नोंदणी चालतच नाही.'

तिसरी, डिस्क. इतर सर्व्हरवरच्या फोटोंची प्रत तुमच्या सर्व्हरवर साठत जाते. आपले लोक थोडे असले तरी दोन महिन्यांत डिस्क भरते, डिस्क भरली की डेटाबेस लिहिणे थांबवतो आणि सगळे ठप्प. ॲडमिनच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या फोटोंची मुदत ७ दिवस करा. बॅकअपमध्ये डेटाबेस रोज, लोकांनी चढवलेले फोटो आठवड्याला, आणि गुप्त किल्ल्यांची जी सेटिंगची फाईल असते ती, हे तिन्ही हवे. डेटाबेस आहे पण किल्ल्या नाहीत, तर दुपदरी लॉगिन लावलेली माणसे बाहेर अडकतात. बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेवर ठेवा आणि वर्षातून दोनदा तो कोऱ्या सर्व्हरवर उभा करून बघा.

नोंदणी मंजुरीनेच द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमची लाट आली ती दार सताड उघडे असलेल्या, कोणी न बघणाऱ्या छोट्या सर्व्हरांवरून. ॲडमिन किमान दोघे असावेत, एक जळगावात तर दुसरा शहाद्यात. पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात. कायदाही आहे: सर्व्हर चालवणारा आयटी कायद्याच्या लेखी मध्यस्थ ठरतो, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव आणि संपर्क ठळक लावावा लागतो, सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवावे लागते आणि सर्व्हरच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवाव्या लागतात.

शेतकऱ्यांच्या गटांनी एक गोष्ट पक्की करावी. पीक विम्याची तक्रार करताना सातबारा, बँकेच्या पासबुकाचे पान, आधार यांचे फोटो सर्रास टाकले जातात. विकेंद्रित ठिकाणी पोस्ट शेकडो सर्व्हरवर पोचते; आपण पुसली तरी प्रत्येकाने पुसलीच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. खासगी संदेशही खरा खासगी नसतो. तो कुलूपबंद नसतो, सर्व्हरचा ॲडमिन ठरवले तर वाचू शकतो. आणखी धोक्याचे म्हणजे, खासगी संदेशात तिसऱ्या कोणाचा पत्ता 'ॲट' लावून लिहिला तर तो संदेश त्यालाही जातो. 'अमुक व्यापाऱ्याने पैसे बुडवले' हे त्याच्या पत्त्यासह लिहिले की त्यालाच कळते. कागदपत्रांसाठी फोन करा किंवा प्रत्यक्ष भेटा.

ब्लूस्कायबद्दल थोडे. वापरायला ते सोपे आहे, स्वतःचे डोमेन हेच नाव म्हणून लावता येते, ही त्यातली सर्वांत चांगली सोय. सर्व्हर बदलला तरी नाव तेच राहते. मर्यादा ३००, आणि तीही मात्रा-वेलांट्या न मोजता. पण बहुसंख्य खाती आजही त्या एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत, हे विसरू नये. व्हिडिओ सर्वांत शेवटी हलवा. पीअरट्यूब चांगले आहे, पण जागा आणि प्रोसेसर दोन्ही खाते. तोवर मूळ फाईली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, म्हणजे यूट्यूब राहिले काय, गेले काय, अहिराणी गाणे हातात राहील.

शेवटी एक विनंती. ज्यांच्याकडे स्वतःचे डोमेन आहे त्यांनी त्याखालीच आपला सर्व्हर काढावा. जर्मनीच्या आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी तसे केले आहे. बीबीसीने २०२३ मध्ये प्रयोग म्हणून केले. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बोलींच्या नोंदींसाठी हे सहज शक्य आहे, आणि आपल्या दैनिकालाही. पत्ता बघूनच तो खरा असल्याचे कळेल, निळ्या खुणेसाठी कोणाला पैसे द्यावे लागणार नाहीत.

तोवर आठवड्यातून एकदा, हलून गेलेल्या गटांचे नवे पत्ते आपण एका छोट्या चौकटीत छापावेत. छापताना नाव आणि सर्व्हर दोन्ही भाग छापावेत. नुसते नाव दिले तर त्याच नावाचा, दुसऱ्या सर्व्हरवरचा भलताच माणूस सापडतो. पत्ता रोमन अक्षरांतच द्यावा लागेल, आणि तो एका ओळीत मावेल इतकी चौकट रुंद ठेवावी. ओळ मोडताना संगणक मध्ये जी आडवी रेघ घालतो, ती वाचक पत्त्याचाच भाग समजून टंकतो आणि पत्ता सापडत नाही.

आपले,
जळगाव, धुळे व शहादा येथील काही वाचक